पहिल्या घरातली शेवंती

ग्वाक मान-सिक साहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेची फ्लॉपी बे नावाच्या म्हाताऱ्याच्या छापखान्यात आली ती मंगळवारी सकाळी. ऑलिंपिक उलटून वर्ष झालं होतं, सोलमध्ये लग्नसराई जोरात होती, आणि उलजिरो रस्त्याच्या मागच्या छापखाना-गल्लीत हातगाडीवाल्यांच्या शिव्यांशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं. साहेबांच्या संगणक-कंपनीचा माणूस पाकीट घेऊन आला. पाकिटात फ्लॉपी, तिच्यात पत्रिकेचा मजकूर आणि सहाशे पत्ते, आणि सोबत एक कागद. त्यावर लिहिलं होतं: प्रूफ काढू नये. मजकुराला माणसाचा हात लागू नये. छापून, पाकिटात भरून थेट टपालात टाकावं. खाली साहेबांचा लाल शिक्का.

बे म्हाताऱ्याने कागद नाकाला लावून वाचला. त्याला अलीकडे तसंच वाचावं लागायचं. "प्रूफ नको म्हणतोय? चाळीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. पोरीचं लग्न आहे का विजेचं बिल?"

"साहेब पेपरात सांगणार आहेत," कंपनीचा माणूस म्हणाला. "आमच्या यंत्रातून निघालेला मजकूर टपालपेटीपर्यंत गेला, मध्ये कुणाचा हात लागला नाही, असं. या गल्लीत आमचं यंत्र तुमच्याचकडे आहे, म्हणून काम तुम्हाला."

"मग पाकिटं काय साहेब जिभेने चिकटवणार?"

तो माणूस हसला आणि निघून गेला. कोपऱ्यातल्या संगणकासमोर प्यो ग्येसुन बसली होती. तिने मान वर केली नव्हती, पण शिक्क्यावरचं नाव तिला तिथून वाचता आलं होतं. ते नाव तिने तीन वर्षं रोज मनातल्या मनात वाचलं होतं, आणि एकदाही चांगल्या मनाने वाचलं नव्हतं.

ग्येसुन चव्वेचाळीसची. तिचा बाप मोकपो बंदरात दुकानांच्या पाट्या रंगवायचा, अक्षर तिने त्याच्याकडून उचललं. पुढे सोलला आली, आणि ग्वाक वरचा साहेब होता त्या कंपनीने तिला घेतलं ते संगणकाची अक्षरं काढायला. यंत्रात कोरियन लिपीची दोन हजार तीनशे पन्नास अक्षरं बसवायची, असं वरून ठरलं होतं. या लिपीत एक पूर्ण उच्चार म्हणजे एक अक्षर, आणि अशी जुळणी करत गेलं तर अकरा हजारांच्या वर अक्षरं होतात, पण बाकीची कुणाला लागतात, असं शहाण्या लोकांनी ठरवलं. ज्याचं नाव त्या बाकीच्यांत पडलं त्याला विचारायला कुणी गेलं नाही. यादीतलं प्रत्येक अक्षर सोळा आडव्या आणि सोळा उभ्या चौकोनांत बसवायचं होतं. नुसते चौकोन काळे केले की अक्षर होत नाही. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर अक्षर लंगडं दिसतं, आणि लंगडं अक्षर दिवसातून हजार वेळा डोळ्यांत खुपतं. ग्येसुनने चौदा महिने हे काम केलं. दोन हजार तीनशे पन्नास अक्षरं, एकेक तीनदा. उजव्या डोळ्याला कायमचं पाणी लागलं.

"मिस प्यो, तुमचं नाव छापू आपण," ग्वाक म्हणाला होता. "माहितीपुस्तकात छापू, पेपरातही देऊ." चाळिशी ओलांडलेल्या बाईला तो मिस प्यो म्हणायचा, तसा तो चहा आणणाऱ्या पोरीलाही मिस म्हणायचा. तरी ग्येसुन हुरळली. बापाला तिने पत्र लिहिलं, की येत्या महिन्यात पेपर बघत राहा, तुमच्या मुलीचं नाव येणार आहे. त्याने बंदरावरच्या प्रत्येकाला सांगितलं.

पेपरात ग्वाकचा फोटो आला. हातात चौकटींचा कागद, त्या कागदाच्या कोपऱ्यावर ग्येसुनच्या अंगठ्याचा शिसपेन्सिलीचा डाग, आणि खाली लिहिलेलं, की यांनी रात्रीचा दिवस करून देशाला अक्षरं दिली. उद्योगसंघाने त्याला पदक दिलं. ग्येसुन त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, "चौकोन काळे करायला अक्कल लागत नाही, मिस प्यो. कुठला चौकोन काळा करायचा ते ठरवायला लागते." कुठला चौकोन काळा, हे त्याने आयुष्यात एकदाही ठरवलं नव्हतं. आयत्या बिळावरचा नागोबा, आणि वर फणा काढून बसलेला. महिन्याभरात तिला घरी बसवलं. मोकपोहून बापाचं पत्र आलं, एका ओळीचं: खोटं कशाला सांगितलंस, पोरी. तिने उत्तर लिहिलं, समजावलं, पण पाट्या रंगवणाऱ्या माणसाला छापलेल्या अक्षरापेक्षा दुसरं काही खरं वाटत नाही. त्या हिवाळ्यात तो गेला. मुलगी खोटारडी आहे असं मानूनच गेला.

हे सगळं ग्येसुनने कुणाला सांगितलं नव्हतं. बे म्हाताऱ्यालाही नाही. मूग गिळून ती त्याच्या कोपऱ्यात बसली होती आणि दिवस मोजत होती, कशासाठी ते तिलाही माहीत नव्हतं. आता कळलं.

तिने फ्लॉपी यंत्रात घातली. पडद्यावर मजकूर उमटला आणि ती खुर्चीत मागे टेकली.

पत्रिकेत वधूच्या आईबापांची नावं आधी येतात, मग अमक्याची थोरली मुलगी म्हणून वधूचं. ग्वाक मान-सिक या नावाच्या आधी, अगदी लागून, एक पांढरं शेवंतीचं फूल आलं होतं. आणि मुलीच्या नावात, सेमुई या नावातलं दुसरं अक्षर जिथे असायला हवं तिथे, एक डुकराचं डोकं होतं. डुक्कर चांगलं हसतमुख होतं.

हे कसं झालं, ते ग्येसुनला क्षणात कळलं. देशात हे कळणारी माणसं फार नसतील. दोन हजार तीनशे पन्नासांच्या यादीच्या शेवटी थोडी रिकामी घरं ठेवलेली असतात. यादीबाहेरचं एखादं अक्षर किंवा चिन्ह हवं असलं, की ज्याने त्याने ते आपल्या यंत्रावर, आपल्या हाताने त्या घरात काढायचं. पण ते राहतं त्या यंत्रातच. फ्लॉपीबरोबर जातो तो फक्त घराचा नंबर. दुसऱ्या यंत्रावर त्या नंबरच्या घरात जो भाडेकरू असेल, तो दार उघडून बाहेर येतो.

ग्वाकच्या यंत्रावरची घरं ग्येसुननेच भरली होती. कंपनीतलं तिचं ते शेवटचं काम. पहिल्या घरात त्याने स्वतःच्या पदकाचं चिन्ह काढून घेतलं होतं, सहीच्या आधी लावायला. दुसऱ्या घरात त्याच्या मुलीच्या नावातलं मुई हे अक्षर. मुलीचं नाव त्याने अभिमानाने शुद्ध देशी ठेवलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर यादीत नव्हतं.

आणि इथली घरंही तिनेच भरली होती. वारलेल्या आईबापाच्या नावाआधी दिवंगत असा शब्द छापतात, पण लग्नाच्या कार्डावर तो डोळ्यांना बोचतो, म्हणून बे म्हाताऱ्याच्या गिऱ्हाइकांसाठी तिने पहिल्या घरात शेवंती काढली होती. पांढरी शेवंती सोलमध्ये कुणाच्या नावापुढे असते, ते पोरसोरही सांगेल. दुसऱ्या घरातलं डुकराचं डोकं खाणावळींच्या उद्घाटनाच्या पत्रकांसाठी होतं, नव्या धंद्याच्या पूजेत इथे ते मांडतात.

म्हणजे सहाशे घरांत पत्रिका जाणार होती, की कैलासवासी ग्वाक यांची कन्या कुमारी डुक्कर हिचं लग्न आहे. ग्येसुन हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे, म्हाताऱ्याने वळून पाहिलं.

"काय गं? एवढं काय लिहिलंय?"

"काही नाही, आजोबा. साहेबांनी हात लावू नका म्हटलंय ना?"

"म्हटलंय. शिक्का मारून म्हटलंय."

"मग नाही लावत."

तिने खरोखर ठरवलं होतं. साहेबांनी अक्कल काढली तेव्हा ती गप्प बसली, घरी बसवलं तेव्हा बसली, आता हात लावू नको म्हणतात तर नाही लावणार. आज्ञाधारकपणात कुणी खोट काढू शकलं नसतं. मुलीचं काय, असं तिच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं, आणि तिने ते बाजूला सारलं. माझ्या बापाचं काय, म्हणाली ती मनात.

दुपारी ती मुलगी स्वतः आली. कार्डाचा कागद निवडायला. उंच, पायांत शाळेतल्यासारखे सपाट बूट, हातात गरम गोड बटाट्यांची पिशवी. तिने आल्या आल्या पिशवी टेबलावर ठेवली.

"घ्या ना मावशी, गरम आहेत. कोपऱ्यावरच्या बाईंनी दोन जास्त घातले. मी सेमुई. ग्वाक."

ग्येसुनने कागदाचे नमुने पुढे ठेवले आणि बटाटा घेतला नाही.

सेमुई कागदांवरून बोट फिरवत होती. "मावशी, एक विचारू? माझं नाव नीट येतंय ना? कुठेच येत नाही. बँकेच्या पुस्तकात मधली जागा कोरी आहे. कॉलेजच्या दाखल्यावर भलतंच अक्षर आहे, मीच पेनाने दुरुस्त करायचे. होणाऱ्या सासूबाई म्हणतात, नाव बदलून घे सरळ."

"तुमच्या वडिलांच्या यंत्रावर येत असेल," ग्येसुन म्हणाली.

"तिथेच फक्त येतं. फार सुंदर येतं. बाबांनी पहिल्यांदा कागदावर छापून दाखवलं तेव्हा मी अर्धा तास बघत बसले होते. म्हटलं, हे कुणी केलं? ते म्हणाले, ऑफिसात एक बाई होत्या, त्यांनी." मुलीने बटाट्याची साल काढता काढता मान हलवली. "मला त्यांना भेटायचं होतं. पत्रिका द्यायची होती, पहिली. पण बाबा म्हणाले, त्या वारल्या."

"कधी?"

"अं?"

"कधी वारल्या म्हणाले?"

"दोन-तीन वर्षं झाली म्हणे. डोळ्यांचा काहीतरी आजार होता. तुम्ही ओळखत होतात?"

"थोडंफार," ग्येसुन म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हात स्थिर होते. तिचे हात कायमच स्थिर असायचे, तो तिचा धंदा होता. "हा कागद घ्या. शाई पसरत नाही याच्यावर."

मुलगी गेल्यावर ती पडद्यासमोर येऊन बसली. चोरलं ते चोरलं, वर पुरूनही टाकलं. विचारायला कुणी येऊ नये म्हणून. आणि कुठल्या आजाराने मारलं, तर डोळ्यांच्या. डोळे कुणापायी गेले ते त्याला ठाऊक होतं म्हणजे.

पण त्या पोरीने अर्धा तास बघितलं होतं. बापाच्या एका ओळीच्या पत्रानंतर तिच्या कामाबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते शत्रूच्या पोरीने. ग्येसुनला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. मग तिने बटाटा सोलून खाल्ला. गार झाला होता.

खाऊन झाल्यावर तिने दुसरं घर उघडलं आणि डुकराला बाहेर काढलं. सोळा आडवे, सोळा उभे. कागदावर आधी काढायची गरज नव्हती. मुई तिला पाठ होतं. खालची आडवी रेघ डाव्या बाजूला एक ठिपका लांब ठेवायची, नाहीतर वरचं चौकोनी पोट जड दिसतं. तिने ते पहिल्यापेक्षा बरं काढलं. मधल्या वर्षांत हात सुधारला होता.

पहिलं घर तिने उघडलं नाही. तिथे शेवंती होती. तिला हात लावायचा नाही, असं साहेबांनी शिक्का मारून कळवलं होतं.

बुधवारी पत्रिका छापल्या, गुरुवारी पाकिटं भरली. बे म्हाताऱ्याने एक पत्रिका नाकाशी धरली, बराच वेळ धरली, आणि म्हणाला, "बिचारीचा बाप गेलाय वाटतं." ग्येसुन म्हणाली, "असेल." सहाशे पाकिटं टपालात पडली.

शनिवारी सोलभर बोंबाबोंब झाली. कंपनीच्या दारात शोकाच्या तीन मजली फुलांच्या कमानी येऊन उभ्या राहिल्या, पहिली प्रतिस्पर्धी कंपनीची, सगळ्यांत मोठी. ग्वाकच्या शाळासोबत्यांनी काळे टाय बांधले आणि सांत्वनाची पांढरी पाकिटं घेऊन घर गाठलं. दार ग्वाकनेच उघडलं, पायजम्यात, तोंडात दात घासायचा ब्रश. एकजण जिन्यावरून चार पायऱ्या खाली घसरला. कंपनीचे अध्यक्ष फोनवर विधवेशी अतिशय मायेने बोलले आणि तिच्या नवऱ्याच्या जागी कुणाला नेमावं याचा विचार चालू आहे, तिने काळजी करू नये, असंही म्हणाले. फोन ग्वाकने दुसऱ्या खोलीतून ऐकला. हे सगळं ग्येसुनला गल्लीतूनच कळलं. छापखाना-गल्लीत बातमी शाईपेक्षा लवकर पसरते. ती प्रत्येक तपशील दोनदा सांगायला लावायची.

एक गोष्ट मात्र तिला रुचली नाही. नवऱ्या मुलाची आजी अडून बसली होती. ज्या घराच्या पत्रिकेवर मरणाचं फूल आलं त्या घरची मुलगी करायची नाही. समजावून झालं, माणूस जिवंत आहे म्हणून दाखवून झालं. आजी म्हणाली, आज आहे. दुरुस्तीची पत्रिका प्रत्येक घरी गेल्याशिवाय ती हलायला तयार नव्हती.

सोमवारी ग्वाक आला. मागून सेमुई. त्याने दार असं उघडलं की वरची घंटा खाली पडली.

"मालक कोण इथला? कुणी केला हा आचरटपणा? मी कोर्टात खेचीन. मी मेलो म्हणून छापता?"

"तुमचाच कागद आहे," बे म्हातारा म्हणाला आणि शिक्क्याचा कागद पुढे सरकवला. "हात लावू नये. नाही लावला. प्रूफ दाखवू का म्हणून मी विचारलं असतं, पण तुम्ही आधीच नको म्हणालात. चाळीस वर्षं धंदा केला साहेब, प्रूफ नको म्हणणारा एकच भेटला, तोही वारलेला."

"तोंड सांभाळून बोला."

"बाबा, ओरडू नका," सेमुई म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "नुसतं सांगा, झालं कसं? तुमच्या पदकाच्या जागी फूल आलं कुठून? त्यांच्याकडच्यांना आजीला समजावून सांगायचंय."

कालचा रविवार ग्वाकने कंपनीतल्या इंजिनिअर पोरांना घरून उठवून आणण्यात आणि त्यांच्याकडून धडा घेण्यात घालवला होता, तो धडा आता त्याने मुलीला म्हणून दाखवला. "तांत्रिक आहे. यादीबाहेरचं चिन्ह असतं ना, ते फ्लॉपीबरोबर जात नाही. नुसता नंबर जातो. पहिला नंबर, दुसरा नंबर. माझ्याकडे पहिल्या नंबरला पदक आहे, यांच्याकडे ते फूल होतं. तेच उमटलं. यात माझी चूक नाही. ही या लोकांची चूक आहे."

मुलीने पर्समधून पत्रिका काढली आणि तिच्याकडे पाहिलं.

"बाबा, माझं अक्षरही यादीबाहेरचं आहे ना?"

"हो. दुसरा नंबर. मग?"

"मग ते इथे बरोबर कसं आलं?"

ग्वाकने तिच्या हातातली पत्रिका ओढून घेतली आणि नाव पुन्हा वाचलं.

"दुसऱ्या नंबरला तर आपलं डुक्कर होतं," बे म्हातारा म्हणाला. "हॉटेलवाल्यांचं. परवा कुठे गेलं ते मीही शोधतोय."

सेमुई हळूच वळली. ग्वाकही वळला, आणि यंत्रासमोर बसलेल्या बाईकडे त्याने पहिल्यांदा पाहिलं. आल्यापासून पाहिलं नव्हतं. कंपनीतही तो पाहायचा नाही.

"मिस प्यो," तो म्हणाला.

"मिस प्यो वारली, साहेब," ग्येसुन म्हणाली. "डोळ्यांच्या आजाराने. तुम्हीच सांगितलंत. तुम्हीही वारलात, सहाशे लोकांना माहीत आहे. मी मेल्याला तीन वर्षं झाली, तुम्हाला तीन दिवस. सवय होते."

"तू मुद्दाम केलंस हे. मुद्दाम."

"मी पहिल्या घराला हात लावला नाही. लावला तो दुसऱ्याला. तुमचा हुकूम तिथे मोडला, त्याची शिक्षा करायची तर करा."

"पैसे हवेत तुला? किती हवेत ते बोल."

ती उठून उभी राहिली. इतका वेळ आवाज चढला नव्हता, तो आता चढला. "माझ्या बापाने मला खोटारडी म्हटलं. तसंच म्हणत मेला तो. ते किती वॉनला परत देता, सांगा."

बे म्हाताऱ्याने उगाच दारातली घंटा उचलली. सेमुई बापाकडे बघत होती, आणि ग्वाक मुलीकडे सोडून सगळीकडे बघत होता.

"पेपरातला तो फोटो," मुलगी म्हणाली. "आपल्या दिवाणखान्यात लावलाय तो. त्या कागदावरची अक्षरं यांची होती?"

"सेमुई, ऑफिसच्या गोष्टी तुला कळत नाहीत."

"हो किंवा नाही म्हणा बाबा."

त्याने घड्याळात पाहिलं. ती खुर्ची ओढून ग्येसुनशेजारी बसली. नाक पुसलं.

"तुमच्यावर मी रागावले आहे, मावशी," ती म्हणाली. "माझं लग्न मोडत होतं."

"रागाव. तुझा हक्क आहे."

"पण आधी दुरुस्तीची पत्रिका घाला. त्याच सहाशे पत्त्यांवर. सांगते तसं लिहा." आणि तिने सांगितलं, थांबत थांबत, बाप मागे उभा असताना. "माझे वडील ग्वाक मान-सिक हयात आहेत. त्यांच्या नावाआधीचं फूल चुकीने पडलं. तसंच, ज्यांनी माझ्या नावाचं अक्षर काढलं आणि वडिलांच्या नावावर लागलेली बाकीची सगळी अक्षरंही काढली, त्या बाई वारल्या असं आमच्या घरातून सांगितलं जात होतं. त्याही हयात आहेत."

"हे जाणार नाही," ग्वाक म्हणाला. "मी जाऊ देणार नाही."

"मग मीही सासरी जात नाही, बाबा. त्यांच्या आजीचं खरं ठरू दे. तुम्ही मेलेलेच राहा."

म्हातारा शिक्क्याच्या शाईची डबी घेऊन आला आणि ग्वाकसमोर उघडून धरली. ग्वाक मुलीच्या पाठीकडे बघत उभा राहिला. मुलगी उठली नाही, वळली नाही. शेवटी त्याने खिशातून शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि कोऱ्या कागदाच्या तळाशी उमटवला. मग तो खुर्ची न शोधता भिंतीला टेकून राहिला.

"त्यांचं नाव राहिलं," सेमुई म्हणाली. "पूर्ण घाला, मावशी."

ग्येसुनने टाइप केलं. प्यो, ग्ये, सुन. तिन्ही अक्षरं यादीतलीच होती, त्यांच्यासाठी रिकामं घर शोधावं लागलं नाही.